आवळून न दिलेला स्कर्ट

आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याखालच्या खोलीत, शाळेचे गणवेश शिवणाऱ्या मावशी बसतात. दोन मशीन, एक कापायचं टेबल, भिंतीला टांगलेले शर्ट आणि मधोमध मावशी, गळ्यात टेप. नवऱ्यामागे त्यांनी याच खोलीवर घर चालवलं, मुलीला शिकवलं, नोकरीला लावलं. मला त्यांचा राग यायचा. आज त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला बसले आहे, तेव्हा हे आधी सांगून टाकलेलं बरं.

रागाचं कारण त्यांची माप घेण्याची तऱ्हा. इतर शिंपी आकडा मोठ्यानं सांगतात आणि कोणीतरी तो लिहून घेतं. मावशी पोराभोवती टेप फिरवतात, तोंडातून चकार शब्द काढत नाहीत आणि पाठ फिरवून स्वतःच वहीत लिहितात. एकदा लेकीचं माप घेताना मी विचारलं, "हिची कंबर किती भरली?" तर म्हणाल्या, "शिवायचंय मला. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?"

पण ताप होताच. माझी लेक अकरा वर्षांची, चांगली गुटगुटीत. धावायच्या तासाला मुलं हसायची, म्हणून ती पोट दुखतंय सांगून बाकावर बसून राहायची. घरी मी तिच्या ताटावर पहारा द्यायचे. "पुरे आता", "अजून किती", "ती शेजारची बघ कशी सडपातळ". हे सगळं तिच्या भल्यासाठीच, अशी माझी पक्की समजूत होती.

आणि मग ती बारीक व्हायला लागली. शाळेतून डबा रोज रिकामा यायचा, रात्री मात्र "भूक नाही" म्हणून दोन घासांत उठायची. तीन महिन्यांत स्कर्ट कमरेवरून घसरायला लागला. मी हरखून गेले, नातेवाइकांना फोन करकरून सांगितलं. शनिवारी तिला घेऊन मावशींकडे गेले आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "एवढा आवळून द्या."

मावशींनी टेप लावली. पुन्हा लावली. वही उघडून जुनं माप बघितलं. लेकीचं मनगट जरा वेळ हातात धरून ठेवलं आणि तिला पलीकडच्या दुकानातून निळा दोरा आणायला पाठवलं.

"मी हा आवळणार नाही," त्या म्हणाल्या.

"नका आवळू. मी दुसरीकडे देते."

"दे. पण आधी बस इथे." त्या पहिल्यांदाच मला अगंतुगं करत होत्या. "या वयात पोरांची मापं वाढतात. हिची उंची आहे तेवढीच, आणि कंबर, छाती, दंड, सगळं उतरलंय. माझ्या मुलीचं असंच झालं होतं. दर महिन्याला फ्रॉक सैल व्हायचा, दर महिन्याला मी आवळायचे. माझ्या हाताला सफाई फार. इतकं बेमालूम आवळलं, की पोर झिजतेय हे कोणाला दिसलंच नाही. मलासुद्धा. शाळेत चक्कर येऊन पडली, दवाखान्यात फ्रॉक उतरवला, तेव्हा दिसलं. दोन महिने तिथे होती. थोडक्यात वाचली."

दोरा घेऊन लेक परत आली, तशी मी तिला घेऊन घरी निघाले.

त्या संध्याकाळी मी आवाज न चढवता लेकीला विचारलं. असं मी क्वचितच विचारते, त्यामुळे तीही घाबरली आणि खरं बोलली. डबा शाळेच्या फाटकावरच्या कुत्र्याला जात होता. तीन महिने. कुत्रा मात्र चांगला बाळसेदार झाला होता. आम्ही दोघी हसलो आणि मग मी पोटभर रडले.

डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, नियमानं यायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, "ते चुकवू नकोस. आणि संध्याकाळी तिला माझ्याकडे पाठव."

पाच वाजता त्यांची मशीनं थांबतात. मावशी आणि मदतीच्या दोघी बायका कापायच्या टेबलाभोवती बसून खातात. फळं, शेंगदाणे, उकडलेली अंडी. कोणी "खा" म्हणत नाही, कोणी "पुरे" म्हणत नाही. गिऱ्हाइकांच्या नकलाच चालतात. लेक पहिले काही दिवस नुसती ऐकत बसायची. मग गप्पांच्या नादात एखादी फोड उचलायला लागली. खाणं झालं की मावशी तयार गणवेश पोचवायला पायी निघतात आणि लिफ्ट त्यांना आवडत नाही. सुरुवातीला लेक एका मजल्यावर दमायची, तेव्हा मावशीही "माझे गुडघे बोलतायत" म्हणत तिच्याशेजारी पायरीवर टेकायच्या. हळूहळू तिचं वजन वाढायला लागलं, डॉक्टरांनीही हुरूप दिला, आणि दोन महिन्यांनी लेक वरून हाक मारायला लागली, "मावशी, या की लवकर."

मला त्यांनी एकच काम दिलं होतं. "तिच्या ताटातली तुझी नजर काढ. स्वतःच्या ताटात बघून जेव, आणि जेवल्यावर तिच्याबरोबर चक्कर मार. एक दिवस ती स्वतःहून मागेल." ऐकायला सोपं वाटतं. माझी जीभ चावून चावून अर्धी झाली.

परवा रात्री जेवताना लेक म्हणाली, "आई, अजून थोडी भाजी वाढ ना."

भाजीचं भांडं समोरच होतं. तरी मी उठून आत गेले, कारण माझा चेहरा तिला दिसायला नको होता. परत आले, वाढली. शेजारी बसलेले हे काहीतरी बोलणार होते, त्यांच्या पायावर मी पाय दिला.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी जिन्याशी उभी. मावशी कुलूप काढताना माझ्याकडे बघत होत्या.

"मागितलं?" त्यांनीच विचारलं.

"मागितलं. भाजी. स्वतःहून." मी त्यांचे हात धरले. "मावशी, तुमच्यामुळे माझी पोर मला परत मिळाली."

त्यांनी मान हलवली, हात सोडवून घेतले आणि आत जाऊन स्टुलावर बसल्या. मशीनवरचं कापड काढायचं राहिलं. त्यांनी फोन घेतला आणि दूर गावी नोकरी करणाऱ्या आपल्या मुलीला लावला.

"काही नाही गं, सहज केला," त्या म्हणाल्या. "खाल्लंस का काही?"