शेवंताचं कापड

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. मास्तरांना न्हाई — आमचे मालक मिशनच्या शाळेत मास्तर होते, शेवटपर्यंत माझ्यावर विश्वास ठेवून गेले बिचारे — आणि माझ्या लेकीला तर मुळीच न्हाई. खरं सांगू? प्रार्थनेतसुद्धा मी याच्या आजूबाजूनं जाते. आमच्या चुका माफ कर, असं मोघम म्हणते. मोघम बोलायला काय जातं?

आता तुमी बसलाच हाय, तर ऐका. मधी थांबले तर थांबू द्या.

निजामाचं राज्य होतं. जिंतूरच्या अलीकडं आमचं गाव. ख्रिस्ती घरं सात, पत्र्याचं एक छोटं देऊळ, आणि त्याच्या मागं कुंपण घातलेली जागा, आमची माणसं पुरायची. पाळकबाबा महिन्यातून एकदा घोड्यावर यायचे आणि प्रभुभोजन द्यायचे. भाकरीचा तुकडा आणि घोटभर रस, एवढंच. पण त्या पंगतीतून उठवलेलं माणूस म्हणजे — कसं सांगू? गावानं आमाला आधीच लांब ठेवलेलं. हिथूनही उठवलं तर माणसानं जावं कुठं?

शेवंता विधवा होती. मंडळीत नवीनच आलेली. बाप्तिस्मा घेतला म्हणून दिरानं घराबाहेर काढलं, भावानं दार बंद केलं. देवळाशेजारी खोपटात राहायची, रोजानं खुरपायला जायची. गळा लय मोठा. गाणं सुरू झालं की सगळ्यांच्या पुढं एक ओळ पळायची. मास्तर चिडायचे — "शेवंताबाई, दमानं! देव कुठं पळून चाललाय का?" ती हसायची आणि पुन्हा तेच.

आमची मैत्री होती. हे आधी सांगायला पाहिजे होतं, न्हाई का? टाळायलते मी.

त्या वर्षी आखाडात पटकी आली. उलट्या, जुलाब, गावात रोज तिरडी. माझी रिबका तीन वर्षांची. एका सकाळी तिचे डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी तशीच उभी राहायला लागली. मास्तर औषधासाठी जिंतूरला गेलेले. मी गुडघे टेकून प्रार्थना केली. किती वेळ? मला वाटलं लय केली. घटकाभर असेल. मग उठले.

गावातल्या बाया वेशीबाहेर मरीआईला नैवेद्य घेऊन जायलत्या. लहानपणी आईचं बोट धरून मीही जायचे. दहीभात, लिंबू, हिरव्या बांगड्या आणि कोरं कापड. देवीला वापरलेलं चालत न्हाई. घरात माझं म्हणावं असं कोरं एकच होतं — नाताळात मिशनच्या मडमसाहेबांनी मंडळीतल्या प्रत्येक बाईला दिलेलं चोळीचं कापड, निळ्यावर पांढरे ठिपके. तसलं जिंतूरच्या बाजारात शोधूनही मिळायचं न्हाई. आणि तेच मी, अक्कल गहाण टाकून, मरीआईच्या दगडावर पांघरून आले! ख्रिस्ती बाईचं कापड हाय हे कुणालाही कळलं असतं. पण त्या घडीला मला पोरीशिवाय काही दिसत न्हवतं.

पोरगी वाचली. कुणी वाचवली — प्रभूनं, मरीआईनं, का मास्तरांनी आणलेल्या औषधानं? मला आजही माहीत न्हाई. आणि तो माझा गुन्हा मी धरतही न्हाई. आईनं लेकरासाठी दगडापुढं डोकं टेकलं, टेकलं! माझा गुन्हा पुढं हाय.

देवीला वाहिलेलं कापड कुणी उचलत न्हाई. पाळकबाबा त्या महिन्यात वेशीवरूनच आले आणि त्यांनी ते पाहिलं. रविवारी प्रभुभोजनाआधी म्हणाले, जिनं हे केलं तिनं उभं राहावं. कुणी उभं राहीना. मग म्हणाले, प्रत्येकीनं आपापलं कापड दाखवावं. पाचजणींच्या अंगात त्याच्या चोळ्याच होत्या. राहिलो दोघी. मी आणि शेवंता.

शेवंताला शिवता येत न्हवतं. तिनं आपलं कापड केव्हाच माझ्याकडं आणून दिलेलं. "तुमचं शिवताल तवा माझंबी शिवा, घाई न्हाई," म्हणाली होती. ते माझ्या पेटीत होतं. घडीसुद्धा मोडलेली न्हवती.

मी घरी गेले. पेटी उघडली. ते कापड आणलं आणि पाळकबाबांसमोर धरलं. "हे माझं," म्हणाले.

शेवंता उठली. "मास्तरीणबाई, आवो, ते माझं न्हवं का? शिवायला दिलेलं?" रागानं न्हाई बोलली. तिला वाटलं, मी विसरले! पाळकबाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी नकाराची मान हलवली. मास्तरांची नोकरी, राहतं घर — हे मनात आलं का? आलं असेल. पण सगळ्यात आधी आली ती शरम. मास्तरीणबाई मरीआईला गेली, असं लोक म्हणतील. तेवढ्यासाठी मी तिचा केसानं गळा कापला.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिची नजर माझ्या कडेवरच्या रिबकाकडं गेली, आणि तिला उमगलं. मी पाहिलं ते. ती खाली बसली. नवीन बाई, जुनी सवय — सगळ्यांनी तसंच धरलं. पाप कबूल करीपर्यंत तिला पंगत बंद झाली.

सुगीत हंगामाचा सण आला. सगळे ज्वारीची कणसं घेऊन देवळात गेले. शेवंतानं मजुरीत मिळालेली पेंढी दाराशी ठेवली आणि बाहेर लिंबाखाली बसली. तिथून गाणं म्हणायची. हळू, आमच्या मागून.

मी तिला भाकर-कालवण नेऊन द्यायचे. लय द्यायचे! बाया म्हणायच्या, मास्तरीणबाईचं मन किती मोठं. मी म्हणू द्यायचे. ती मुकाट खायची. तिनं मला कधीच जाब विचारला न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते, म्हणून तर दिल्या न्हाईत का? का तिला खरंच माझी दया यायची? दोन्हीतलं काहीही असो, मला ते सोसत न्हाई.

उन्हाळ्यात ती तापानं पडली. शेवटी मीच जवळ होते. तिनं पाणी मागितलं, रिबका जेवली का म्हणून विचारलं, आणि दुपार व्हायच्या आत गेली. अंगही मीच धुतलं. पाळकबाबा आदल्या दिवशीच गावात आलेले. दाराशी येऊन त्यांनी मला बाजूला बोलावलं. भला माणूस, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

"मास्तरीणबाई, शेवटी तिनं पाप कबूल केलं का? केलं असेल तर कुंपणाच्या आत जागा देतो."

हो म्हटलं असतं तर ती आत गेली असती, न केलेल्या पापासकट का होईना. पण मग त्यांनी विचारलं असतं, काय म्हणाली ती? मला त्याचीच भीती वाटली, सांगता सांगता माझंच बाहेर पडलं असतं.

"न्हाई," मी म्हणाले.

ते खरंच होतं. तिनं काही कबूल केलं न्हवतं. कबूल करायचं ते माझं होतं, आणि मी हात पुसत उभी होते.

तिला कुंपणाबाहेर पुरलं. तिचं सख्खं कुणी आलं न्हवतं, म्हणून पहिली मूठ माती मला टाकायला सांगितली. मी टाकली.