माझी सावली पडली की रोबो चालायचा

"खिसे उलटे कर," सर म्हणाले.

केले. एसटीचा पास पडला. रुमाल पडला. कागदात बांधलेला गुळाचा खडा पडला. प्रयोगशाळेत सगळा वर्ग उभा होता. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, नुसते बघत राहिले. मग सरांनी माझी पिशवी टेबलावर रिकामी केली. डबा उघडला आणि भातात चमचा फिरवून पाहिला. पहाटे मी मूल गावाहून निघताना आईनं बांधून दिलेला भात.

शोधत काय होते? शेंगदाण्याएवढा एक सेन्सर.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आम्ही पाच जणांनी एक रोबो केला होता. रोबो कसला, मोटरवर फिरणारा लोखंडी हात. पण आमच्याकडे तेवढाही कोणी पाहिला नव्हता. हात किती फिरला हे कळायला दांड्यावर खाचांची चकती बसवली होती. चकतीच्या एका बाजूला बारीक दिवा, दुसऱ्या बाजूला उजेड ओळखणारा सेन्सर. चकती फिरली की उजेड, अंधार, उजेड, अंधार. तेवढे ठोके मोजायचे आणि हात थांबवायचा. या जुळणीला एनकोडर म्हणतात. ती मी केली होती, कारण सुट्टीत मी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसायचो. सोल्डरिंग माझं. अहवाल लिहायचा गटप्रमुखानं, पाहुण्यांपुढे बोलायचंही त्यानंच. शहरातल्या डॉक्टरचा मुलगा तो. ही वाटणी कोणी ठरवली नव्हती. ती नेहमी आपोआपच तशी होते.

सकाळी हात बरोबर थांबला. दुपारी प्राचार्यांसमोर थांबलाच नाही. गरगर फिरला आणि टेबलावरची शाईची दौत उडून त्यांच्या शर्टावर. ते कपडे बदलायला निघून गेले.

"चांगला सेन्सर काढून दुकानात देला असन यानं," गटप्रमुख म्हणाला. "जुना लावला, सर."

सरांनी त्याला पुरावा विचारला नाही. झडतीत काही सापडलं नाही, तरी मलाच म्हणाले, "सवलतीवर येता आणि हात मारता. प्रोजेक्टला शून्य देईन. वर्ष गेलं समज."

वर्ष गेलं म्हणजे सगळंच गेलं. बाबा राइस मिलमध्ये पोती वाहायचे. खांदा कामातून गेला होता. घर माझ्या नोकरीकडे डोळे लावून बसलं होतं.

"सर, मले एक डाव पाहू द्या," मी म्हणालो.

वाकून हात सुरू केला. बरोबर थांबला.

"हो बाजूला," सर म्हणाले. झालो. हात भिरभिरत गेला. परत जवळ गेलो, परत थांबला.

"पाहा सर, हा जवळ असला की चालते," गटप्रमुख म्हणाला. "हाच काहीतरी करून राह्यला."

संशय मलाही आला, त्याच्यावर. यानंच तार सैल केली असेल. तारा तपासल्या, दिवा तपासला, सगळं ठीक. मग चकतीकडे पाहिलं. तिच्यावर माझी सावली पडली होती. पाठीमागे पश्चिमेची खिडकी आणि चंद्रपूरचं एप्रिलचं ऊन. एनकोडरवर मी काळ्या पुठ्ठ्याचं झाकण बसवलं होतं. ते जागेवर नव्हतं.

"झाकण कुठी गेलं?"

"मी काढलं," गटप्रमुख म्हणाला. "आतलं दिसलं पाह्यजे ना पाहुण्याइले."

ऊन सरळ सेन्सरवर. त्याला सगळा उजेडच उजेड, ठोके येणार कुठून? सकाळी त्या खिडकीत ऊन नसतं. मी माझी वही सरांच्या हातात दिली. "आता तुम्ही धरा, सर. खिडकीचं ऊन अडवून." धरली. हात थांबला. काढली. हात सुटला.

माझ्या आजाची सावली पडली तर गावातले लोक अंघोळ करायचे. माझ्या सावलीत यंत्र नीट चाललं, तर तोही माझाच गुन्हा.

"ठीक आहे, झालं गेलं," सर म्हणाले. "झाकण बसव."

"नाई, सर. सगळ्यासमोर चोर म्हटलं. सगळ्यासमोर सांगा, चोर नाई."

"मार्क माझ्या हातात आहेत."

"मालूम आहे, सर."

झाकण मी बसवलं नाही. बिघाड काय होता, झाकण कोणी काढलं, झडती कोणाची घेतली आणि कोणी, सगळं प्रोजेक्टच्या वहीत शाईनं लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव. वही प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सरांनी तो शब्द कधीच मागे घेतला नाही. मला काठावर पास केलं, मुद्दाम. पहिला येणारा मी.

संशय घ्यायचा त्यांनी आणि निर्दोष ठरायचं आम्ही, हे तिथवर चाललं. आता मी आधी पुरावा मागतो. साहेब असो, शेठ असो, कोणीही असो. पुरावा दाखवत नाहीत तोवर मी जागचा हलत नाही, आणि माझ्या माणसांनाही हलू देणार नाही.