पपईचा हंस

पिकलेली पपई कापली की तिच्या गोडसर वासानं मला लातूर नवा जिल्हा झाला त्या काळातला दुष्काळ आठवतो. गावात चार दिवसांनी टँकर यायचा, आणि तो दुष्काळ बघायला आलेले जिल्ह्याचे साहेब आमच्याकडे जेवणार होते, कारण सासरे सरपंच होते. मी नवी सून, हौशी. पपईचा हंस, काकडीची मगर आणि गाजराचे मासे करून परातीत मांडले. ते धुतलेलं पाणी पातेल्यात तसंच होतं. तेवढ्यात शेजारची बाई रिकामी घागर घेऊन दारात आली आणि परात बघून भडकली, "मगर धुवायला पाणी हाय, अन् माझ्या बाळंतीण लेकीला न्हाई?" "पाव्हणे जाऊ दे, मग बघू," मी तोडून बोलले. ती सरळ आत शिरली, सालींसकट ते पाणी घागरीत ओतलं आणि ओसरीवर बसलेल्या साहेबांसमोरून निघाली. मी सगळ्यांदेखत ओरडले, "चोरटी!" ती वळलीसुद्धा नाही. साहेबांनी माझ्या हंसाचं कौतुक केलं. आज माझे केस पिकलेत, पण तिच्या दारी जाऊन तो शब्द मागे घेणं माझ्याच्यानं झालं नाही.