पप्पांसाठी फाडलेला सूट

आमच्या काकांचं ठाम मत, की जगाला तयार कपडे घालायला यहुद्यांनी शिकवलं. बोटीतून अमेरिकेत उतरायचं, दोन खोल्यांत चार शिलाई मशीनं मांडायची आणि कोट-पँट विकून मालक व्हायचं. हा इतिहास ते इस्राएलहून फोनवर असा रंगवायचे, जणू त्या बोटीत स्वतः होते. खरं तर काका मुंबईहून विमानाने गेले आणि वाळवंटातल्या एका कारखान्यात जन्मभर शर्टांना उजव्या बाह्या लावत बसले. डाव्या बाह्या मोरोक्कोहून आलेली एक बाई लावायची. पुढे तो कारखाना बंद पडला, कारण शर्ट आमच्यासारख्या देशांतून स्वस्त यायला लागले. त्याचा सगळा राग काकांनी आमच्या पप्पांवर काढला.

"मी शर्ट करतच नाही न बाप्पा, सलवार सूट करतो," पप्पा म्हणायचे. "तू माझ्यावर काहून चिडून राहिला?"

आमचे यहुदी पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी, धर्माने ठरवलेल्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे. आजोबा रेल्वेच्या नोकरीने जबलपूरला आले आणि तेल सुटलं, शनिवार सुटला नाही. पप्पांनी जबलपूरच्याच गोरखपूर भागात घराच्या खालीच मशीनं मांडली आणि कमानिया गेटच्या बाजारातल्या दुकानांना सूट पुरवायला लागले. कारखाना शनिवारी बंद. कारागिरांना वाटायचं, मालक शनीला घाबरतो. पप्पांनी कधी खुलासा केला नाही. कारागिरांना सुट्टी मिळाल्याशी मतलब.

पप्पांच्या बरोबर पहिल्या दिवसापासून होते ते मास्टरजी, आमचे कापड कापणारे. दोघांचं रोज भांडण. मास्टरजींना एक वीत कापड वाचवायचं असायचं आणि पप्पांना घेर पुरता हवा असायचा. एका गोष्टीत मात्र एकमत: फाटका, उसवलेला पीस कारखान्याच्या दाराबाहेर जाता कामा नये. रफूचं काम मास्टरजी कुणाला देत नसत, स्वतः करायचे.

पप्पा गेल्या हिवाळ्यात गेले. चहा मागितला आणि चहा यायच्या आत गेले. घाई करणारा माणूस नव्हता, म्हणून आम्ही कुणी तयारच नव्हतो.

काका व्हिडिओ कॉलवर आले आणि तिकडून हुकूम सोडायला लागले. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. जबलपुरात आम्ही सगळे यहुदी मिळून एका ऑटोत मावतो, त्यातही बायकाच जास्त. "मग राहू दे," काका म्हणाले. मी एकुलती एक मुलगी. मला आशा होती, की काका म्हणतील, प्रार्थना तू म्हण. तसं ते म्हणाले नाहीत. तेवढ्या दुःखातही मला त्यांच्या उजव्या बाह्या आठवल्या आणि तोंडात शिवी आली, ती मी गिळली.

"तू फक्त कपडा फाड," काका म्हणाले. "आईबापासाठी डावीकडे, काळजावर. उभं राहून."

अंगात आमच्याच मालातला मरून सूट होता, पप्पांनी पास केलेल्या शेवटच्या लॉटमधला. गळ्यापाशी कैचीने कापून मी दोन्ही हातांनी ओढला. चर्र आवाज झाला आणि खाली जिन्यात उभे असलेले कारागीर, काय फाटलं म्हणून, एकदम वर बघायला लागले.

"अजून फाड, दिसत नाही," काका.

मी अजून फाडला. बाकी सगळं पुरुषांचं होतं, पप्पांसाठी मला करायला मिळालं ते एवढंच. दुखवट्याचे सात दिवस मी तोच सूट घालून बसले. आईबापासाठी फाडलेलं पुन्हा नीट शिवायचं नसतं, महिन्याभराने फार तर मोठे मोठे टाके घालायचे, फाट दिसलीच पाहिजे. मला हे फार पटलं. बाप गेला आणि मुलीचे कपडे धड, हे काही खरं नाही.

आठव्या दिवशी मी सूट धुऊन दोरीवर टाकला आणि हिशेब बघायला खाली गेले. संध्याकाळी वर आले तर सूट घडी करून खुर्चीवर ठेवलेला, इस्त्री केलेला. उचलला. फाट नव्हती. मी डाव्या बाजूवरून बोट फिरवलं, उजेडात धरला, उलटा केला. सापडेना. पप्पा गेले तेव्हा मी रडले नव्हते, पाहुण्यांचं चहापाणी बघत होते. आता मात्र तो सूट तोंडाला लावून भोकाड पसरलं.

मग संताप आला. तशीच खाली गेले. मशीनं बंद झाली होती, मास्टरजी एकटेच कापडाचे तागे लावत होते.

"किसने बोला था आपको?" मी सूट टेबलावर आपटला.

मास्टरजी गोंधळले. "मालिक की बिटिया फटा पहने, लोग क्या कहेंगे? मालिक होते तो मुझे गाली देते."

ते खरंच होतं. पप्पांनी दिलीच असती. मी स्टूलवर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. फाटलं नव्हतं, फाडलं होतं. जन्मभर तसंच ठेवायचं होतं.

मास्टरजींचा चेहरा पडला. त्यांनी सूट जवळ ओढला, चष्मा चढवला आणि बरोबर जागेवर बोट ठेवलं. "यहीं है. तुम फिर से फाड़ लो." मी तिथूनच पुन्हा फाडला. ते बघत राहिले. मग खाली बघूनच त्यांनी विचारलं, "बिटिया, नौकर फाड़ सकता है?"

काकांना विचारलं असतं तर त्यांनी रक्ताचं नातं लागतं म्हणून सांगितलं असतं. मी फोनला हात लावला नाही.

"फाड़ सकता है," मी म्हणाले.

ते उभे राहिले. सवयीने त्यांची कैची शर्टाच्या शिलाईकडे गेली, उसवलेलं परत शिवता येतं म्हणून. तिथे थांबली. मग शिलाई सोडून त्यांनी भर कापडात कैची घातली, डावीकडे, आणि खिशापर्यंत ओढून फाडलं.

दुसऱ्या दिवशी ते तोच शर्ट घालून कामावर आले. कारागिरांनी विचारलं, मास्टरजी, ये क्या हाल बना रखा है. ते म्हणाले, "घर में मौत हुई है," आणि कापड पसरायला लागले.