बातमीपत्राचं दुसरं पान
प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला लॉकडाउनमधला, मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातला तो शनिवार आठवतो. शेजारच्या स्कॉटिश आजींच्या गावच्या चर्चचं बातमीपत्र त्यांना दर आठवड्याला ईमेलने यायचं आणि त्यांच्याकडे प्रिंटर नसल्यामुळे मी ते छापून द्यायचे. कुणाचा गुडघा बदलला, रविवारची फुलं कुणाकडून, कुणाचा हरवलेला कुत्रा सापडला, सगळं त्यात असायचं. त्या दिवशी दुसऱ्या पानावर सुरुवातीलाच आजींनी इथून कळवलेले आभार होते, समोरच्या बाईंचे, घरी केलेलं सूप आणून दिलं म्हणून. एकदाच दिलं होतं हो तिने! आणि बाबा पुण्यात ऑक्सिजनवर असतानाही मी दर बुधवारी आजींना खिचडी पोचवत होते, त्याचं काय? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पुढचं न वाचताच ते पान मी मुलीच्या चित्रांसाठी ठेवलेल्या पाठकोऱ्या कागदांत कोंबलं आणि पहिलं तेवढं नेऊन दिलं. "दुसरं पान?" आजींनी खिडकीतून विचारलं. "एवढंच आलंय," मी म्हणाले. त्यांचा चेहरा पडला आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू! महिन्याभराने मुलगी एक चित्र घेऊन आली, "मम्मा, लुक, अवर हाउस!" मी कागद उलटला. आभारांच्या खाली, आजाऱ्यांसाठी चर्चमध्ये करायच्या प्रार्थनेच्या यादीत शेवटी छापलं होतं, 'मेलबर्नच्या शेजारणीचे वडील, पुणे.' बाबा तोवर बरे होऊन घरी आले होते. आजींना ते पान द्यायला मात्र मला आजपर्यंत धीर झालेला नाही.