अठ्ठावीस दिवसांचा रिमाइंडर

"तिची तारीख शनिवारची हुती. मंग रविवारी ती आत गेलीच कशी?"

मी रोपांच्या ट्रेंच्या रांगेमागे खाली बसून लेबलं लिहीत होते, त्यामुळे बोलणाऱ्या अक्कांना मी दिसत नव्हते. अक्का म्हणजे काकांच्या रोपवाटिकेतल्या बायांवरच्या मुकादम. पुणतांब्याजवळ काकांची तीन पॉलीहाऊसेस आहेत. टोमॅटो, मिरची, कोबी, जे लागेल ते रोप तिथे मिळतं. भिंगारहून मी गेल्या उन्हाळ्यात तिथे राहायला गेले. काम लॅपटॉपवरचं, कुठूनही करता येणारं. मधल्या वेळात काकांना फोनवर चालेल असं एक छोटं अ‍ॅप करून दिलं होतं. आतलं तापमान, ओलावा, कुठला ट्रे कधी पेरला, सगळं त्यात दिसायचं.

रविवारी तिसऱ्या हाऊसमधली मिरचीची रोपं करपली होती. कडेचे ट्रे वाचले, मधले सगळे माना टाकून पडले. सोमवारी सकाळी सगळे तिथेच जमले होते.

"म्या तर तिला ईचारलं पन हुतं," दुसरी एक मावशी म्हणाली. "म्हनली, संपलं माझं."

"संपलं कसं? फोन खोटं बोलतो व्हय?" अक्कांनी फोन पुढे केला. "हे बघ. शनिवार. लाल गोळा."

तो लाल गोळा मी ओळखला. तो मीच केला होता.

सुरुवातीलाच काकांनी सांगितलं होतं, प्रत्येक बाईच्या नावापुढे एक तारीख टाकता आली पाहिजे आणि दर अठ्ठावीस दिवसांनी रिमाइंडर आला पाहिजे. सुट्टीचं काहीतरी असेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. मी कुणाला 'कशासाठी' असं विचारत नाही. शाळेपासूनची सवय आहे. लाल रंग उठून दिसतो म्हणून लाल दिला, एवढंच.

आता ट्रेंमागे बसल्या बसल्या कळलं. अडचण असलेल्या बाईची सावली पडली की रोप जळतं, असं इथे मानतात. त्या चार दिवसांत बायांनी आत यायचं नाही, बाहेर नारळाच्या भुश्याचं कोकोपीट भिजवायचं. पूर्वी हे अक्का बोटांवर मोजून लक्षात ठेवायच्या, आणि त्यात चुका व्हायच्या. आता चुका होत नव्हत्या.

काका आले. ते बीएस्सी अ‍ॅग्री आहेत. पानावरचा ठिपका बघून रोग ओळखतात, मातीचा सामू तोंडपाठ सांगतात. मला वाटलं, ते आता अक्कांना झापतील.

त्यांनी फोन बघितला आणि विचारलं, "कुठं आहे ती?"

ती बाहेर नळापाशी उभी होती. पाच वर्षांपासून ती रोपवाटिकेत कामाला होती. एका ट्रेला जवळपास शंभर खळगे असतात. प्रत्येकात एकच बी, तेही मधोमध, आणि हे ती न बघता करायची, गप्पा मारत. मी आल्याच्या पहिल्या आठवड्यात मला म्हणाली होती, "ताई, तुमी बोलत का न्हाई? आमी काय खातो का?" तिची मुलगी बारावीला आहे. घरापासून चालत जाता येईल असं दुसरं काम गावात नाही.

"काय गं," काका म्हणाले, "तुला माहीत नव्हतं?"

ती नाही म्हणेल, भांडेल, असं मला वाटलं. अक्कांशी ती रोज भांडायची.

"चुकलं, भाऊ," ती म्हणाली. "मला वाटलं संपलं. माझ्याच पायानं झालं हे."

त्या दिवशी मला सगळ्यात जास्त धक्का याचा बसला. तिचा स्वतःवर विश्वासच नव्हता. पाच वर्षांत तिच्या हातून लाखो रोपं उगवली असतील, आणि ती समोर उभी राहून सांगत होती, 'मीच जाळली.'

रोपं का गेली ते मला माहीत होतं, रविवारपासून.

रविवारी श्रीरामपूरला चुलतभावाचा साखरपुडा होता. रोपवाटिका अर्धा दिवस चालू होती, बाया बाराला घरी गेल्या. आम्ही पंगतीला बसलो आणि माझा फोन थरथरला. हाऊस तीन, चव्वेचाळीस अंश. म्हणजे लाईट गेली होती आणि पाण्याचे फवारे बंद पडले होते. जनरेटर हातानेच सुरू करावा लागतो. काका मांडवाच्या पलीकडे, पुरुषांच्या पंगतीत. मध्ये पन्नासेक माणसं, सगळी नात्यातली, सगळी 'ही कुणाची गं?' असं विचारणारी. मी उठले, दोन पावलं गेले आणि परत बसले. मेसेज त्यांनाही गेलाच असेल, असं स्वतःला सांगितलं. काकांचा फोन काकूच्या पर्समध्ये होता, हे मला माहीत होतं. श्रीखंड खाल्लं.

शाळेत एकदा 'मानवजातीची प्रगती कशामुळे अडते' या विषयावर स्पर्धा होती, इंग्रजीत. निबंध मी लिहिला, स्टेजवर जाऊन वाचला दुसऱ्या मुलीने. त्यात यंत्रांची कमतरता, निधीची कमतरता, शिक्षणाची कमतरता असं सगळं होतं. पहिला नंबर आला होता.

"रविवारी ऊन पण लई हुतं, भाऊ," मावशी हळूच म्हणाली.

"ऊन काय पहिल्यांदा पडलं का?" काकांनी हात झटकला. मग तिच्याकडे न बघता अक्कांना म्हणाले, "उद्यापासून हिला नको. दुसरी बघा."

तिने डोक्यावरचा रुमाल सोडला, झटकला, घडी घातली. बाकीच्या बाया ट्रेंकडे वळल्या. एवढ्यात सगळं संपलंसुद्धा.

मी उभी राहिले. अक्का दचकल्या. "अगं बया! ताई, तुमी कवापासनं हितं?"

माझ्या हातात मार्कर होता. त्याचं टोपण मी लावत होते, काढत होते.

"काका, रविवारी चव्वेचाळीसचा मेसेज मलाही आला होता. लाईट गेली होती. मी तुम्हाला सांगायला आले नाही. रोपं त्याने गेली."

"बरं, ते आपण घरी बोलू," काका म्हणाले. बायांसमोर मी बोलत होते, हे त्यांना आवडलेलं नव्हतं. त्यांनी पाठ फिरवली. ती घडी घातलेला रुमाल घेऊन दारापर्यंत पोचली होती.

माझे कान तापले. आयुष्यात कुठल्याही पुरुषासमोर मी तो शब्द उच्चारला नव्हता. बाबांसमोरही नाही. काकूच्या घरी त्या दिवसांत मी न सांगता देवघराबाहेर बसायचे, शहाण्या मुलीसारखी.

"काका, मला आज पाळी आली आहे," मी म्हणाले. आवाज माझ्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला. "सकाळी सातपासून मी याच हाऊसमध्ये आहे. कडेच्या, वाचलेल्या दोनशे ट्रेंना हात लावलाय. या, आणि मला त्यांतलं एक मेलेलं रोप दाखवा."