देवकाआजीची सही

त्या निवडणुकीचं नाव जरी कोणी काढलं तरी माझं डोकं उठतं. कॅनडातल्या व्हिटबीपासून ओशावापर्यंत मोजून एकशे सोळा मतदार आम्ही, आणि त्यात दोन पार्ट्या! दोन बसमध्ये आरामात मावतील एवढी माणसं, पण आज एका बसमध्ये बसवायला गेलात तर निम्मी उतरून जातील. अध्यक्षपद कसलं, तर आमच्या मैत्री संघाचं. वर्षाला एक जयंती, एक धम्मचक्र प्रवर्तन दिन, दर रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये वंदना आणि नंतर चहा. एवढ्यासाठी लोकांनी एकमेकांना जयभीम घालणं सोडलं.

पण मला सांगायचंय ते देवकाआजीबद्दल. या सगळ्या तमाशात तिचा कोणी विचारच केला नाही. मीसुद्धा नाही, आणि तोच राग अजून पोटात आहे.

देवकाआजी म्हणजे आमच्या विशालची आजी. यवतमाळकडची, वय एक्क्याऐंशी. विशाल तीन वर्षांचा असताना त्याची आई गेली, बापाने दुसरं घर केलं, तेव्हापासून पोराला हिनेच वाढवलं. कापूस वेचला, जिनिंगमध्ये राबली, लोकांची भांडी घासली आणि पोराला इंजिनिअर केलं. दहा वर्षांपूर्वी विशालने तिला इकडे आणलं. आणून वाऱ्यावर सोडलं नाही, तेवढं मान्य करावं लागेल. मेन फ्लोअरवर स्वतःची खोली, विंटरचे बूट, रविवारी गाडीतून वंदनेला आणणं, सगळं केलं त्याने.

आली तेव्हा ती अंगठा उठवायची. एकदा फार्मसीत औषध घ्यायला सही मागितली. आजीने अंगठा पुढे केला. काउंटरवरच्या पोरीला बिचारीला काय करावं कळेना, ती शाई शोधत बसली आणि मागे ही लांब रांग. त्या दिवशी आजी घरी येऊन जेवली नाही. "एवढ्या दूर आली, आन अंगठाही संगंच आला," असं मला म्हणाली.

हे भीमरावदादांच्या कानावर गेलं. दादा म्हणजे संघाचे अध्यक्ष, वीज कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर. स्वभावाने तिरसट, पण शिकवायला बसले की वेगळेच. वंदना झाली की हॉलच्या कोपऱ्यात आजीला घेऊन बसायचे, चाररेघी वही आणि निळा पेन. विशालला तेव्हा नव्या नोकरीतून मान वर काढायला फुरसत नव्हती. 'देवका नारायण मेश्राम.' त्यातल्या 'श्रा'ने एकट्याने महिना खाल्ला. चार महिन्यांनी आजीने संघाच्या हजेरीपटावर पहिली सही केली आणि अख्ख्या हॉलने टाळ्या वाजवल्या. दादांनी डोळे पुसले, मी पाहिलं होतं. पुढे वाचायलाही शिकवलं त्यांनी तिला, बोट ठेवून एकेक अक्षर.

मग काय, आजी सुटलीच! कुरियरवाल्याच्या मशीनवर सही, पतवंडांच्या ड्रॉइंगवर सही, प्रत्येक बर्थडे कार्डवर सही. एकदा अंगणातल्या बर्फावर शोव्हलच्या दांड्याने सही करून ठेवली होती. तो निळा पेन कायम तिच्या स्वेटरच्या खिशात असायचा. कागद दिसला की आजीचा हात खिशात गेलाच म्हणून समजा.

आणि गेल्या नोव्हेंबरात आली ही निवडणूक. विशाल भर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, नऊ वर्षं झाली, आता आम्हाला करू द्या. पोरांना तुमची भाषणं कळत नाहीत, ती बेसमेंटमध्ये फोन बघत बसतात." दादा म्हणाले, "कालची पोरं आम्हाला चळवळ शिकवणार!" दोघंही अर्धे बरोबर होते आणि अर्धे आडमुठे. मी दोघांच्याही पार्टीत नव्हते, शिवाय इथल्या निवडणुकांत तीनदा पोलिंग स्टेशनवर काम केलेलं, म्हणून मला केलं निवडणूक अधिकारी. मला तर बरंच वाटलं. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्स डिपार्टमेंटला आयुष्य गेलेली बाई मी, कागद कसा चोख असावा हे मी शिकवणार होते सगळ्यांना!

नियम मी इथल्यासारखेच ठेवले. मत गुप्त. मतपत्रिकेवर मतदाराची ओळख पटेल असं काहीही असलं तर ती बाद, आणि बाद केलेली मतपत्रिका दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींना दाखवायची. सूचनांचा कागद कॉपी-पेस्ट करून भिंतीवर लावला. मतपत्रिकेवरची दोन नावं तेवढी मराठीत, हा कागद मराठीत करायचा राहिला. राहिला म्हणजे काय, केला नाही. सगळ्यांना येतं की इंग्लिश, असं म्हणून मी मोकळी झाले. आजीला पेपर दिला तेव्हाही तोंडाने सांगितलं नाही. रांग मोठी होती.

मोजताना एक मतपत्रिका उघडली. भीमरावदादांच्या नावापुढे खूण, आणि खाली निळ्या पेनाने पूर्ण सही, 'श्रा'सकट.

तेव्हाच ती घडी घालून बाजूला ठेवली असती तर? पण नाही, माझे नियम ना! दाखवली दोघांना. दादांची प्रतिनिधी उल्का, विशालची त्याची बायको प्रीती. प्रीतीचा चेहरा उतरला. "आजींनी दादांना दिलं?" एवढंच म्हणाली. मी शिक्का मारला, बाद. निकाल, विशाल अठ्ठावन्न, भीमराव सत्तावन्न, बाद एक.

त्यानंतर जे सुरू झालं ते विचारू नका. दादांची माणसं म्हणाली, आमचं मत खाल्लं, ते धरलं असतं तर बरोबरी होती. विशालची माणसं म्हणाली, नियम म्हणजे नियम. व्हॉट्सअ‍ॅपवर दुसरा ग्रुप निघाला. रविवारी हॉलमध्ये अर्धे डावीकडे, अर्धे उजवीकडे, आणि बुद्धमूर्ती मध्ये. चहाचे थर्मासही दोन झाले. परवापर्यंत जिच्या घरी मी हक्काने जेवायचे ती उल्का मला ग्रोसरी स्टोअरमध्ये बघून भेंडीच्या क्रेटमागे वळली. अगं बाई, मी काय तुझं घेऊन खाल्लं? शरम वाटायला हवी आपल्याला, समतेच्या गप्पा मारणाऱ्यांना!

आणि आजी? ती रविवारी दिसेचना. प्रीतीला फोन केला तर ती रडायलाच लागली. "ताई, हे आजींशी महिनाभर बोलत नाहीत. जेवणाचं ताट घेऊन वर जातात. रविवारी म्हणतात, थंडी आहे, तिला नको न्यायला. त्यांना वाटतं, सगळ्या गावासमोर आजीने नाक कापलं." मी विचारलं, आजीला हे माहीत आहे का? तर नाही. घरात कोणी तिला सांगितलंच नव्हतं. आणि दादा? ते चहाच्या प्रत्येक कपामागे 'देवकाबाईंचं मत, देवकाबाईंचं मत' करत होते, पण देवकाबाईंना एक फोन केला नव्हता त्यांनी. असा संताप आला मला दोघांचा!

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि विशाल कामावर असताना त्याच्या घरी गेले. आजी खिडकीशी बसली होती. मला पाहून आधी खूश झाली, मग म्हणाली, "नंदा, इशाल माह्याशी काहून बोलत नाही वं? माहं काही चुकलं का?"

मी सगळं सांगितलं. मत बाद झालं ते, बाद मत दोन्ही बाजूंना दाखवावं लागतं ते, सगळं.

"सही केली म्हणून बाद?"

"हो आजी."

"आन अंगठा देल्ला असता त?"

"तरी बादच झालं असतं."

तिने खिशातला पेन काढून हातात घेतला. मग म्हणाली, "तुले ठाऊक होतं, मंग सांगितलं काहून नाही?"

"लिहिलं होतं आजी. भिंतीवर लावलं होतं."

"कोन्त्या भाषेत?"

मी मान खाली घातली. चोख कागदवाली मी!

आजीच बोलली पुढे. "मास्तरनं सही शिकवली, त्याले दाखवाची होती मले. मत मास्तरले देल्लं. इशालले मत कायले पायजे वं? त्याले त मी सगळंच देल्लं."

मी घरी आले आणि जेवायच्या आधी सगळ्या सभासदांना लिहिलं. चूक माझी आहे, सूचना फक्त इंग्लिशमध्ये लावल्या, म्हणून ही निवडणूक मी रद्द करते आहे, जानेवारीत परत घेऊ. का, कोणासाठी, त्यात आजीचं नाव घातलं नाही. दोन्ही ग्रुपवर माझा उद्धार झाला. विशालचा फोन आला, "ताई, तुम्ही हरलेल्यांच्या दबावाखाली आलात." दादांचा आला, "दुसरी निवडणूक कशाला? ते मत मोज आणि मोकळी हो." मी दोघांनाही एकच सांगितलं, "आधी आजीशी जाऊन बोला." विशाल म्हणाला, "ती आमच्या घरातली गोष्ट आहे." दादा म्हणाले, "आत्ता गेलो तर मत मागायला आला म्हणतील. निवडणूक होऊ दे, मग जातो." मी फोन आपटला.

जानेवारीत हॉलबाहेर गुडघाभर बर्फ, तरी सगळे एकशे सोळा आले. वंदनेला एवढे कधी येत नाहीत! या वेळी मी भिंतीवर तळहाताएवढ्या अक्षरांत मराठी कागद लावला होता. प्रीती आजीला हाताला धरून घेऊन आली. आजी त्या कागदापुढे उभी राहिली आणि बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली, "म-त-प-त्रि-के-व-र स-ही क-रू न-ये." मागे कोणीतरी हसलं, त्याला मी असं बघितलं की तो जागीच गप्प झाला.

"बरं," आजी म्हणाली.

मी तिला मतपत्रिका आणि पेन्सिल दिली, तोंडानेही नीट समजावलं. नावापुढे फक्त खूण, आजी, बाकी काही नाही. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली आणि चार-पाच मिनिटं आलीच नाही. नातू की मास्तर, म्हातारी अडली बिचारी, असंच वाटलं आम्हाला.

मोजणीला दोघं उमेदवार स्वतः येऊन बसले, कारण आता आपल्या प्रतिनिधींवरही त्यांचा भरवसा उरला नव्हता. टेबलाच्या या टोकाला विशाल, त्या टोकाला दादा, मध्ये मी. एकमेकांकडे बघायला तयार नाहीत. पंच्याऐंशीवी की नव्वदावी मतपत्रिका असेल. उघडली. दोन्ही नावांपुढचे चौकोन कोरे. खाली पेन्सिलीने पूर्ण सही.

नियमाप्रमाणे मी ती टेबलाच्या मध्यभागी ठेवली. विशालने उचलली, मागे खूण आहे का म्हणून उलटून पाहिली. मागे काही नव्हतं. परत सुलटी केली आणि धरूनच बसला. दादांनी हात पुढे केला तेव्हा त्याने ती मुकाट्याने दिली. दादांनी खिशातून चष्मा काढला, लावला, आणि पोराची वही तपासावी तसं एकेक अक्षर पाहिलं. कोणीही हरकत घेतली नाही. मी शिक्का मारला.

निकाल काय लागला असेल? विशाल अठ्ठावन्न, भीमराव सत्तावन्न, बाद एक. तेच आकडे! दोन महिने लोक भांडले, रुसले, ग्रुप सोडून गेले, आणि एका माणसाचं मत हललं नाही. मला हसावं की रडावं कळेना. मी आकडे वाचले, डावीकडच्यांनी टाळ्या वाजवल्या, उजवीकडचे कोट घालायला लागले. चहाचे थर्मास अजूनही दोनच होते.

विशाल गाडीची चावी घेऊन आजीसमोर आला. "आजी, चल, घरी जाऊ." महिना-दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने तिला हाक मारली असेल. दादाही पाठोपाठ आले, चष्मा अजून डोळ्यांवरच होता.

आजी दोघांकडे बघून म्हणाली, "मी नंदासंगं जातो." आणि स्वतःच बूट चढवायला बसली.

गाडी गरम होईपर्यंत आम्ही पार्किंगमध्येच थांबलो. आजीने सीटबेल्ट लावला. मी म्हटलं, "आजी, तुम्ही वाचलं होतं ना, मग परत सही का केली? मत वाया गेलं तुमचं."

तिने उलट मलाच विचारलं, "माहा कागद इशालनं पाह्यला?"

"पाहिला."

"आन मास्तरनं?"

"त्यांनी तर चष्मा लावून पाहिला."

"नाव वाचलं दोघायनं?"

"वाचलं, आजी."

"बस झालं मंग," आजी म्हणाली, "चाल आता, थंडी वाजून राह्यली."